फिट, अनफिट आणि मतदान अधिकारी क्रमांक दोन

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेत पाचवी ते दहावीच्या मुलांना घडा, केळी, ठोकळे आणि निसर्गदृश्य शिकवतो. सोळा वर्षं मी दारू पीत होतो. रोज. शाळेत कधी प्यालो नाही, याचा मला फार अभिमान होता. मी शाळेच्या आधी प्यायचो. कारण सकाळी उठलं की हात थरथरायचे आणि फळ्यावर सरळ रेघ यायची नाही. दोन घोट पोटात गेले की हात स्थिर व्हायचा, आणि मग मी वर्गात सांगायचो, "मुक्तहस्त म्हणजे हात मोकळा, पण ताब्यात." मुलं ते वहीत लिहून घ्यायची.

घरी बायकोला सगळं माहीत होतं. ती कळवणची. घरातच शिवणकामाचे वर्ग घेते, कमी बोलते. सुरुवातीची काही वर्षं भांडली, मग भांडणं सोडून तिने माझ्याशी गरजेपुरतं बोलायचं ठरवलं. सकाळी मी मोरीत जाऊन दोन घोट घेऊन आलो की ती माझ्या हातावर न बोलता वासासाठी वेलदोडे ठेवायची. आमचा संसार असा वेलदोड्यांवर चालला होता.

लोकसभेच्या निवडणुकीत मला ड्युटी लागली. मतदान अधिकारी क्रमांक दोन. मतदान केंद्रावर चार जण असतात. मुख्य म्हणजे केंद्राध्यक्ष. त्यांच्या हाताखाली तीन मतदान अधिकारी, आणि त्यातल्या दोन नंबरचं काम म्हणजे मतदाराची सही घ्यायची आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची. आमच्या केंद्राध्यक्ष एक मॅडम होत्या, ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या. अत्यंत शिस्तीच्या. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी माझी ओळख विचारली आणि खूश होऊन म्हणाल्या, "वा! ड्रॉइंगचे सर आहेत. शाईचं काम योग्य हातात पडलं."

केंद्र मिळालं सुरगाण्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या शाळेत.

अडचण वेगळीच होती. मतदान संपायच्या आधी अठ्ठेचाळीस तास दारूची दुकानं बंद असतात. एरवी ड्राय डेने माझं कधी काही बिघडवलं नव्हतं, मी आधीच साठा करायचो. पण या वेळी साठा घेऊन जायचा तर मतदानयंत्रांच्या गाडीतून. रस्त्यात नाक्यानाक्यावर पथकं गाड्या तपासत होती. मतदान अधिकाऱ्याच्या पिशवीत शाईच्या बाटलीशेजारी दुसरी बाटली सापडली तर निलंबन ठरलेलं. मी विचार केला, प्रश्न दोन-तीन दिवसांचा आहे. लोक नवरात्रात नऊ दिवस सोडतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटची घेतली आणि बायकोला म्हणालो, "परत येईपर्यंत बंद." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीत नेहमीपेक्षा जास्त वेलदोडे टाकले. सवयीने टाकले असणार. न पिणाऱ्याला वेलदोड्यांचा काय उपयोग!

साहित्यवाटपाच्या दिवशी दुपारपर्यंत मी ठीक होतो. मग घाम सुरू झाला. उन्हाळा असल्यामुळे सगळेच घामाघूम होते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता दार उघडलं तेव्हा मात्र माझे हात माझे राहिले नव्हते.

पहिली मतदार होती एक म्हातारी. मी तिचं बोट धरलं आणि शाईची काडी टेकवली. नखापासून पहिल्या पेरापर्यंत बारीक रेघ ओढायची असते. माझी रेघ नखावर सुरू झाली, पेर ओलांडून पंजाच्या पाठीवर गेली आणि बांगडीपाशी थांबली. म्हातारी म्हणाली, "पोरा, मत मी देणार हाय. तू कामून घाबरलास?"

नऊ वाजेपर्यंत मी पाड्याचे निम्मे हात रंगवले होते. एकाच्या मनगटावर नागमोडी नदी निघाली. एका तरुणाच्या पांढऱ्या शर्टावर थेंब उडाले, तो मोबाइलमध्ये फोटो काढून बाहेर दाखवत सुटला. केंद्रात पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असतात. त्यातला एक जण उठून मॅडमना म्हणाला, "मॅडम, आमचा आक्षेप घ्या. आमच्या वस्तीतल्या लोकांना शाई कमी लावतात, त्यांच्या वस्तीतल्यांना जास्त." दुसरा म्हणाला, "उलट हाय!" मॅडमनी दोघांना बसवलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "सर, बरं नाही का?"

मी म्हणालो, "ब्रश वेगळा आहे."

"ती काडी आहे, सर."

अकराच्या सुमाराला समोरच्या भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता हलायला लागला. तेरा सक किती हे मी वाचत होतो, एवढं मला आठवतं. त्यापुढचं मला मॅडमनी नंतर सांगितलं.

मी खुर्चीवरून ताठ होऊन खाली पडलो. हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस आला. शाईची बाटली माझ्याबरोबर आली आणि माझ्या चेहऱ्यावर उपडी झाली. रांगेतल्या बायका ओरडल्या. सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी टेबलं सोडून धावले. एकाने आपली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. दुसरा म्हणाला, "चामड्याची पाहिजे, ही रबराची हाय," आणि त्याने स्वतःची काढली. तिसरा कांदा आणायला पळाला. सकाळपासून प्रत्येक गोष्टीवर आक्षेप घेणारी ती माणसं माझे हात, पाय, डोकं आपापसांत वाटून घेऊन बसली होती. मॅडम सांगताना म्हणाल्या, "त्या दिवशी केंद्रात एकमत झालं ते तेवढंच."

उन्हाळ्यामुळे केंद्रावर एक आशाताई औषधांची पेटी घेऊन बसवलेल्या होत्या. त्या आल्या, दोन्ही चपला उचलून दाराबाहेर फेकल्या. सगळ्यांना म्हणाल्या, "सोडा त्यांना, दाबून धरू नका. तोंडात काय घालू नका." मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली मतदान साहित्याची रिकामी पिशवी सारली आणि घड्याळाकडे बघत बसल्या.

मॅडमनी लगेच झोनल अधिकाऱ्यांना फोन लावला.

"सर, आमचे मतदान अधिकारी दोन पडलेत."

"मशीन पडलं का?"

"नाही, मशीन ठीक आहे. अधिकारी पडलेत."

"मशीन चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग मतदान का थांबवलंय?"

थोड्या वेळाने मी शुद्धीवर आलो, पण मी कुठे आहे ते कळेना. जीभ चावली गेली होती. समोर आशाताईंचा चेहरा होता. त्यांनी वाकून अगदी हळू विचारलं, "सर, दारू कदी सोडली?"

माझ्या आईने, बायकोने, मुख्याध्यापकांनी, कोणीच मला हा प्रश्न असा विचारला नव्हता. मी म्हणालो, "मी घेतच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "आमचे पाड्यात तिघांना झालं असंच. रोज पिणारा गडी एकदम बंद करतो, आन् दुसरे-तिसरे दिवशी पडतो. चालू असताना काय नाय होत. दवाखान्यात खरं सांगा, लय धोक्याचं असतं."

मॅडमना केंद्राध्यक्षाच्या डायरीत मतदान किती वेळ थांबलं आणि का, ते लिहायचं होतं. त्यांनी बराच विचार करून लिहिलं, "म.अ. २ यांची प्रकृती." वाक्य पूर्ण करायला त्यांना योग्य क्रियापद सापडलं नाही, असं त्या म्हणाल्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, साखर तपासली आणि विचारलं, "दारू?" मी नकारार्थी मान हलवली. दाराशी एक पोलिस उभा होता, आचारसंहिता चालू होती, मी ड्युटीवर होतो. खरं सांगण्यापेक्षा मला मिरगी असणं सोयीचं वाटलं. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्यांची एक पट्टी दिली आणि नाशिकला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. मी पट्टी खिशात घातली आणि नाशिकला पोहोचल्यावर डॉक्टरांऐवजी द्वारका चौकापलीकडच्या ओळखीच्या दारूच्या दुकानापुढे, शटर उघडण्याची वाट बघत उभा राहिलो.

त्या शाईचा गुण असा की ती निघत नाही. कपाळाच्या मधोमध सुरू होऊन डाव्या कानापर्यंत माझ्या तोंडावर जांभळट काळा पट्टा होता. बायकोने लिंबू लावलं, रॉकेल लावलं, शेवटी शिवणाच्या मशीनचं तेल लावलं. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि हसायला लागली. कित्येक वर्षांत ती अशी हसली नव्हती. हसता हसता ती खाली बसली आणि रडायला लागली. मी तिथेच उभा होतो, तोंडाला मशीनचं तेल लागलेला.

शाळा उघडली तेव्हाही पट्टा पूर्ण गेला नव्हता. पण त्याने माझी अब्रू गेली नाही, उलट वाढली. शिक्षकांच्या जगात निवडणुकीची ड्युटी चुकवणं ही एक कला आहे. माझी फिट ही त्या कलेतली नवी उंची मानली गेली. पी.टी.चे सर मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

"सर, मानलं तुम्हाला. फेस कशाचा आणला? साबण की पेस्ट?"

"खरी फिट होती, सर."

"हो, हो. तसंच म्हणायचं शेवटपर्यंत." त्यांनी डोळा मारला. "मला एकदा करून दाखवा ना. नुसतं पडायचं कसं ते दाखवा. मला पडताना हात पुढे येतो."

मी खरी आहे म्हणायचो तेवढी ती खोटी ठरत गेली. आणि मी जास्त जोर देऊ शकत नव्हतो, कारण खरी कशामुळे हे विचारलं असतं तर पंचाईत होती.

मधल्या महिन्यांत मी जे केलं ते आज लिहिताना मलाच चमत्कारिक वाटतं. मी पूर्वीपेक्षा नियमाने प्यायला लागलो. माझं तर्कशास्त्र पक्कं होतं. दारू बंद केली की फिट येते, म्हणजे दारू हे फिटवरचं औषध. बायकोला मी हे शांतपणे समजावून सांगितलं. "मी आता आवडीने पीत नाही. तब्येतीसाठी पितो." शिवाय ती गोळ्यांची पट्टी होतीच. मनात आलं की एक गोळी घ्यायचो, आठवण राहिली नाही तर नाही. कधी दोन्ही बरोबर घ्यायचो, म्हणजे दुहेरी बंदोबस्त.

ती म्हणाली, "अहो, मग डॉक्टरांकडून लिहून तरी आणा. किती घोट, जेवणाआधी की नंतर."

दिवाळीच्या आधी विधानसभेची ड्युटी आली. पुन्हा मतदान अधिकारी क्रमांक दोन. या वेळी मला ड्युटीची नाही, ड्राय डेची भीती वाटली. मी आजारपणाच्या कारणाने सूट मिळावी म्हणून अर्ज केला. अर्ज करणाऱ्यांना जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय तपासणीला बोलावलं होतं. मी गेलो तर व्हरांड्यात जिल्ह्यातले शंभरेक शिक्षक आणि कारकून बसलेले. बाहेर चहाच्या टपरीवर ताठ उभी असलेली माणसं पायऱ्या चढताना लंगडायला लागत होती. एका सरांनी गळ्यात पट्टा घातला होता, पण तो फोन आला की काढून ठेवत होते.

खिडकीतल्या कारकुनाने न बघता विचारलं, "कशाचं सर्टिफिकेट?"

"फिटचं."

"इथे सगळे अनफिटचं मागतात. फिट आहात तर ड्युटी करा."

"तसं नाही. मला फिट येते."

"मग अनफिट."

"हो. फिट येते म्हणून अनफिट."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "साहेब, एक काहीतरी ठरवा."

आत एक वयस्कर डॉक्टरीण बाई होत्या. सकाळपासून खोटे गुडघे बघून त्या कंटाळलेल्या दिसत होत्या. मी माझी कहाणी सांगितली. त्यांनी मध्येच थांबवून म्हटलं, "हात पुढे करा. बोटं फाका." मी बोटं फाकली. दुपारची वेळ होती, सकाळचा डोस उतरत आलेला. दहाही बोटं वाऱ्यावरच्या पानांसारखी. त्यांनी माझे डोळे बघितले, पोटाला उजव्या बाजूला बरगडीखाली दाबून बघितलं.

"फिट कशाने आली ते मला कळलं. तुम्हालाही माहीत आहे. लिहू का? हा कागद पुढे तुमच्या कार्यालयात जातो."

मी म्हणालो, "नका लिहू, मॅडम."

"मग मी काय लिहू? मिरगी तुम्हाला नाही. एक सांगते. मतदानाला अजून एक महिना आहे. शेवटची खोली मनोविकार विभागाची. आजच जा. घरी आपल्या मनाने बंद करू नका, परत फिट येईल, आणि दर वेळी आशाताई शेजारी नसते." त्यांनी कागदावर शिक्का मारला. मी बघितलं. त्यावर लिहिलं होतं, "फिट."

मनोविकार विभागातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं विचारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका अनोळखी माणसाला खरं माप सांगितलं. सांगितल्यावर मलाच जास्त वाटलं.

ते म्हणाले, "तुम्ही कधी पंजा लढवलाय?"

"शाळेत असताना."

"दारू मेंदूला खाली दाबते. मेंदू सोळा वर्षं रोज उलट जोर लावून उभा आहे. आता समोरच्याने एकदम हात काढून घेतला तर काय होईल?"

"आपण तोंडावर पडू."

"तुम्ही पडलाच. म्हणून हात हळूहळू काढायचा. मुख्य गोळी मेंदूला शांत ठेवणारी. ती आधी पुरेशी देऊ, मग रोज कमी करत बंद. तुम्हाला आधी फिट येऊन गेली आहे, म्हणून माझ्या विचाराने जोडीला फिटरोधक गोळी. आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. हे घरी करायचं नाही, पाच-सहा दिवस इथे राहायचं."

माझ्या डोक्यात एक कल्पना चमकली. मी खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, समजा ती फिटरोधक गोळी मी रोज घेतली, आणि दारू आहे तशी चालू ठेवली. फक्त ड्राय डेला बंद. म्हणजे फिटपण नाही आणि—"

डॉक्टरांनी मला मध्येच तोडलं.

"म्हणजे गाडी दरीत घालायची, पण हेल्मेट घालून?"

मी खिशातली पट्टी टेबलावर ठेवली आणि मधूनमधून घेत होतो ते सांगितलं. ते चिडले. ती गोळी अशी मनाला येईल तेव्हा घ्यायची आणि सोडायची ही स्वतःच धोक्याची गोष्ट, आणि वर दारू. पट्टी त्यांनी ठेवून घेतली. मग विचारलं, "का सोडायची आहे?"

मला वाटतं, त्यांना बायको, मुलं, प्रकृती असं काहीतरी अपेक्षित होतं. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "निवडणूक आहे."

"चालेल," ते म्हणाले. "आत्तापुरतं तेही चालेल."

मी दाखल झालो. शेजारच्या खाटेवर नामपूरचे एक कांद्याचे व्यापारी होते. पन्नाशीचे, भरदार मिशांचे. त्यांनी घरी देवीपुढे शपथ घेऊन एका दमात दारू बंद केली होती. तिसऱ्या दिवशी ते भ्रमात गेले आणि मुलांनी त्यांना गाडीत घालून आणलं. मी आलो तेव्हा त्यांना वॉर्ड दिसतच नव्हता. त्यांना बाजार समिती दिसत होती.

दुपारी जेवणाची ताटं गेल्यावर ते खाटेवरून उतरले, एकेका पेशंटपाशी जाऊन थांबायला लागले. पांघरूण उचलून वास घ्यायचे, खांदा दाबून बघायचे. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला हुंगून अहिराणीत म्हणाले, "हाऊ सडेल शे. बाजूले काढा." एका जाड्या माणसापाशी मात्र खूश झाले. मग माझ्याकडे आले. माझा दंड दोन बोटांत धरून त्यांनी मला नीट बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"गोल्टी शे."

गोल्टी म्हणजे लिंबाएवढा बारीक कांदा, जो चांगल्या मालातून निवडून वेगळा टाकतात. वॉर्डात सगळे हसले. नर्स आणि दोन वॉर्डबॉय त्यांना समजुतीने खाटेवर घेऊन गेले, डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. त्यांचा मुलगा दारात उभा राहून डोळे पुसत होता. दोन दिवसांनी व्यापारी भानावर आले, तेव्हा त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांनी मला अत्यंत अदबीने विचारलं, "सर, आपण कुठल्या शाळेत असता?" मी सांगितलं. पण माझ्या मनातून ती गोल्टी गेली नव्हती. मला पुनःपुन्हा वाटत होतं की त्यांच्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं. रांगेने सगळ्यांची तोंडं शाईने रंगवली असती, बहुतेक.

माझा दुसरा आणि तिसरा दिवस वाईट गेला. घाम, मळमळ, छातीत धडधड. आवाज झाला की दचकायचो. गोळ्यांनी झोप यायची, पण झोपेत मी पाढे वाचायचो. नर्स दर काही तासांनी यायची, हात पुढे करायला लावायची, नाडी बघायची, कागदावर आकडा टाकायची. बायको घरून मुगाची खिचडी आणायची आणि तीही येता-जाता म्हणायची, "हात दाखवा." वेड्यासारखा मी दिवसातून पंचवीस वेळा हात दाखवत होतो. फिट आली नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, ज्याची वाट बघत अंग आक्रसून पडलो होतो ते झालंच नाही. न घडलेल्या गोष्टीचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, आणि तो कोणाला सांगायची सोयही नव्हती.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापक आले. हातात शहाळं आणि एक लिफाफा. निवडणुकीचं पहिलं प्रशिक्षण माझ्या तिसऱ्या दिवशी होतं. मी गैरहजर, म्हणून कारणे दाखवा नोटीस.

"चोवीस तासांत खुलासा द्यायचाय, सर," ते स्टुलावर बसत म्हणाले. "काय लिहायचं?"

"खरं लिहितो. निवडणूक ड्युटी करता यावी म्हणून दवाखान्यात दाखल झालो, त्यामुळे निवडणूक प्रशिक्षणाला येऊ शकलो नाही."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "हे असं लिहिलं तर ते मलाच नोटीस काढतील."

शेवटी बायकोने पेन घेतलं. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, "माझे पती प्रकृतीच्या कारणास्तव उपचार घेत असून मतदानापर्यंत फिट होतील." मग थबकली, "फिट" खोडलं आणि "बरे" लिहिलं. मुख्याध्यापकांनी सही केली. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आम्हाला माहीत होतं, सर. पण तुमचा हात वर्गात स्थिर असायचा, म्हणून आम्ही काही बोललो नाही." ते चांगल्या मनाने बोलले. पण त्यानंतर बराच वेळ मला शहाळं पिववलं नाही.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. शांत करणारी गोळी कमी होत होत बंद झाली. फिटरोधक गोळी डॉक्टरांनी आणखी थोडे दिवस देऊन, कमी करत तीही बंद केली. मी घाबरलो. म्हणालो, "राहू द्या ना, तिने बरं वाटतं." ते म्हणाले, "तुम्हाला मिरगी नाही, सर. ती फक्त त्या दिवसांपुरतं कुंपण होती. आता आत काय लावायचं ते बघा." त्यासाठी दुसरं औषध, आणि दर आठवड्याला येऊन बोलायचं.

निवडणूक आली. उरलेलं प्रशिक्षण मी शाई लावण्याच्या सरावासह पूर्ण केलं. बायकोने डबा दिला, वेलदोडे दिले नाहीत. साहित्यवाटपाच्या ठिकाणी पहाटे हजर झालो, मंडपात नंबर शोधला. माझं नाव राखीव यादीत होतं. म्हणजे कोणी आलं नाही, कोणी आजारी पडलं, तर माझी पाळी. तोपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचं.

मी दिवसभर बसून राहिलो. गाड्या भरल्या, टाळ्या झाल्या, गाड्या गेल्या. त्या दिवशी कोणीही आजारी पडलं नाही. ज्यांच्या गळ्यात पट्टे होते तेसुद्धा गेले. मंडपात आम्ही दहा-बारा राखीव उरलो आणि पुरीभाजीचे डबे उरले. सोळा वर्षांची दारू मी ज्यासाठी सोडली होती, ती ही खुर्ची.

शेजारी एका बँकेतले गृहस्थ होते. गोरे, नीटनेटके. माझ्या छातीवरचं ओळखपत्र वाचून ते म्हणाले, "तुम्हीच का ते? लोकसभेला बूथवर फिट आणलीत ते?"

"आणली नाही. आली. रोज पीत होतो, एकदम बंद केली, म्हणून आली."

ते मोठ्याने हसले. "वा! पिऊन पडलो नाही, न पिऊन पडलो. हे कारण आजवर कोणी दिलं नसेल."

मी म्हणालो, "खरं आहे."

"अहो, खरंच वाटतं ऐकताना!" ते हसत हसत चहा आणायला गेले.

बऱ्याच वेळाने आले. दोन कप होते, एक मला दिला. दुसरा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा सांडत होता. बाहेर दुकानं आदल्या दिवसापासून बंद होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती गोळी कोणती म्हणालात तुम्ही?"

मी गोळीबद्दल काहीच म्हणालो नव्हतो. विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

"काल संध्याकाळी," ते म्हणाले. मग चुकल्यासारखं लगेच, "माझ्या भावासाठी विचारतोय."

"नाव सांगून उपयोग नाही. प्रत्येकाला वेगळं लागतं. चला, भावासाठी आपण आत्ताच जाऊ."

"आत्ता? आपण ड्युटीवर आहोत."

"राखीव आहोत," मी म्हणालो.

मंडपातल्या अधिकाऱ्याकडे जाऊन मी सांगितलं की या साहेबांची प्रकृती ठीक नाही, दवाखान्यात नेतो. त्याने आमच्या दोघांची ओळखपत्रं बघितली. माझं नाव वाचून त्याने हातातलं पेन खाली ठेवलं आणि हात जोडले. "सर, आता तुम्ही दुसऱ्यांनाही शिकवायला लागलात?"

मी वाद घातला नाही. बँकेतल्या साहेबांना रिक्षात बसवलं, शेजारी बसलो आणि रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता सांगितला. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते, कप अजून त्यांच्या हातातच होता.